साडेसात मीटर खाली

१

मंगळवारी, बावीस एप्रिल एकोणीसशे शहाऐंशी रोजी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी डोहाईदेवी गोदावरीत पडली. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या क्षणी सुमनबाईंच्या हातात घड्याळ होतं.

सुमनबाई पिंपरडोहाच्या पाणीमापन चौकीवर नोकरीला होत्या. रोज आठला काठावरच्या पट्टीवरून पातळी वाचायची, रजिस्टरात टिपायची, आठवड्यातून दोनदा पात्रात जाऊन खोली आणि वेग मोजायचा. हे काम मूळचं त्यांच्या नवऱ्याचं. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात पट्टी वाचताना तो घसरून वाहून गेला आणि त्याच्या जागी खात्यानं त्यांना घेतलं. त्याचा देह तिसऱ्या दिवशी डोहाच्या तळातून ज्यानं वर आणला, तो मुंजाजी भोई.

त्याच पुरात मुंजाजीनं सतरा माणसं जिवंत काढली होती. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी मग भिंतीवर त्याचं चित्र रंगवलं. अंगावर खवले, हातात त्रिशूळ, भोवती निळा समुद्र, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘समुद्रवीर मुंजाजी’. गावात समुद्र पाहिलेला माणूस एकही नव्हता, पण पोरांचं त्यावाचून काही अडलं नाही. मुंजाजीला पाण्याखाली श्वास घेता येतो, अशी त्यांची पक्की खात्री होती. मुंजाजी मात्र त्या भिंतीवरून जायचं टाळायचा.

देवी दर चैत्रात नदीपल्याडच्या सावरगावला, आपल्या माहेरी जायची. चांदीचा मुखवटा खणात गुंडाळून, तोंड आभाळाकडे करून काहिलीतून नेत. काहील म्हणजे गूळ करायची मोठी लोखंडी कढई. उन्हाळ्यात नदी ओलांडायला हीच नाव. ती गोल असल्यानं पाण्यावर गिरक्या घेते, म्हणून मुंजाजी पाण्यात राहून ती ढकलायचा. आत मानाचे तिघे. लिंबाजी गुरव देवीला मांडीवर घ्यायचा. किशनराव पाटील तिला देवळापासून घाटापर्यंत डोक्यावर आणायचे. ओटीचं सामान दुकानदार चंद्रप्पाकडून यायचं.

मध्यावर काहील जराशी डोलली, लिंबाजी ओरडला आणि बोचकं पाण्यात गेलं.

मुंजाजीनं लगेच बुडी मारली. सुमनबाई काठावरून सेकंद मोजत होत्या. चाळिसाव्या सेकंदाला तो वर आला, पण वीस हात लांब, भलतीकडेच. पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी वर आला तेव्हा नाकातून रक्त येत होतं. लोकांनी त्याला आणि काहिलीला काठावर ओढलं. वाळूवर पडल्या पडल्या त्यानं दोन्ही मुठींत वाळू गच्च धरली.

किशनराव त्याच्या डाव्या अंगाला उभे होते. “गावली का?” त्यांनी विचारलं. उत्तर नाही. “आरं, तुला इचारायलोय.” मुंजाजी नदीकडेच बघत राहिला.

“माज आलाय,” किशनराव लोकांकडे वळले. “भिंतीवर फोटू निगाल्यापून लय माज आलाय.”

लिंबाजी गुरव काहिलीतून उतरून आला. म्हातारा मुंजाजीच्या पायाकडून वळसा घालून उजव्या अंगाला बसला आणि हळूच म्हणाला, “मुंजाजी, घरी जा बाबा. आता उतरू नगंस.”

मुंजाजीनं मान डोलावली.

दुपारपर्यंत लोकांनी गळ टाकून बघितले. गळ खडकात अडकले, हाती काही लागलं नाही. संध्याकाळी किशनरावांनी चावडीसमोर निकाल देऊन टाकला. “सतरा माणसं काढणाऱ्याला एक मुखवटा गावत न्हाई, हे मला पटत न्हाई. त्याला गावलाय, आन त्यानं तो खाली कपारीत दडवलाय. आइतवारी बैठक हाय. तवर देवी वर आली पायजे. न्हाई आली तर भोयाचा मान गेला, आन गंगाखेडच्या ठाण्यात कागद गेला.”

मुंजाजी हे ऐकायला तिथं नव्हता. तो चौकीच्या भिंतीला टेकून बसला होता, विद्यापीठ-नामांतराच्या अर्धवट पुसलेल्या घोषणेखाली.

“बाई,” तो सुमनबाईंना म्हणाला, “मी खाली काय बगितलं, सांगू? कायच न्हाई. वर कुठं आन खाली कुठं, तेच मला कळंना.”

२

दुसऱ्या दिवशी आठची पातळी टिपून सुमनबाई भोईवाड्यात गेल्या. मुंजाजीची बायको मनकर्णा ओसरीत पाट्यावर मिरची वाटत होती, हातात नदीतला एक गोटा घेऊन.

“वरवंटा कुठं गेला?” सुमनबाईंनी सहज विचारलं.

“गुरवीण काकूनं नेलाय सोमवारी. माणूस वाटण करून आणून देतंय का न्हाई? ही बाई घरजावई करून बसलीया त्याला.” मनकर्णेनं गोटा आपटला. “बसा बाई. ह्यांला तुमीच इचारा. मला तर काय सांगंनात. राती उठले आन भित धरून चालायलेत.”

मुंजाजी आत घोंगडीवर बसला होता. सुमनबाई त्याच्या समोर बसल्या. आठवड्यातून दोनदा हाच माणूस त्यांची काहील पात्रात धरून उभा राहायचा. त्याला घाई केली की तो मिटतो, हे त्यांना माहीत होतं. 

बऱ्याच वेळानं तो बोलू लागला. शिमग्याच्या सुमाराला किशनरावांच्या विहिरीत मोटारीचा फुटवॉल पडला होता. मुंजाजीला पडसं होतं, नाक चोंदलेलं. नको म्हणत असताना किशनरावांनी उतरवलं. तळाशी पोचला तेव्हा डाव्या कानात फट्ट झालं, आणि सगळी विहीर गरगरा फिरायला लागली. वर येऊन तो पायरीवर ओकला. किशनराव म्हणाले, पिऊन आलास का.

“तवाधरनं डाव्या कानात घूं घूं हाय. वर चालताना बरं असतंय. बुडी मारली की गेलं. बाई, लहानपणापून पाण्यात मला कदी कळायचं थांबलं न्हाई. डोळं मिटून सांगायचो, वर हिकडं हाय. आता माजं मलाच गावत न्हाई.” त्यानं आवाज खाली आणला. “पाण्यातल्या साती आसरा रुसल्यात माज्यावर. मी त्यायच्या घरातून लय माणसं काढून नेली.”

“औषध केलं काही?”

“एका माणसानं तेल दिलं. मंतरलेलं. नाव सांगू नको म्हणला, न्हाई तर गुण जातो. कडुलिंबाचं हाय. कानात घातलं की जिभंला कडू लागतंय.”

सुमनबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. “कानात घातलेलं घशात उतरतं?”

“हां. घटकाभरानं.”

“मुंजाजी, माझ्या भावाचं असंच व्हायचं. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. कानाला आत पडदा असतो. तो फाटला की बाहेरचं तेल घशात येतं. आणि गार पाणी आत शिरलं की डोकं फिरतं. कुणाचंही फिरतं. त्याला आसरा लागत नाहीत.”

मुंजाजी घोंगडीचे धागे ओढत राहिला. मग त्यानं विचारलं, “म्हंजे मी भ्यालो नव्हतो?”

“नाही. फाटक्या कानानं तीनदा गेलात. भ्यालेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही.”

दाराआडून मनकर्णा ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला. “चला मग परभणीला. आत्ताची एसटी हाय.”

“आत्ता न्हाई. आत्ता गेलो तर म्हणतील, चांदी घेऊन पळाला.”

ते खरंच होतं. सुमनबाई उठल्या, पण उंबऱ्यातच थांबल्या. मुंजाजीनं आपला कान सगळ्या गावापासून लपवला होता. बायकोला ठाऊक नाही, त्यांना स्वतःला ठाऊक नाही. ठाऊक होतं फक्त एका माणसाला, तेल देणाऱ्याला. देवी डोहात पडली तर ह्या वर्षी ती वर येणार नाही, हे गावात त्या एकट्यालाच माहीत होतं.

३

तरी सुमनबाईंना कुणावर आळ घ्यायचा नव्हता. पडलेली वस्तू वाहत कुठं गेली असेल, ते शोधून तिथं गळ टाकावा, एवढाच त्यांचा विचार होता. डोहाची खोली त्यांच्या रजिस्टराप्रमाणे साडेसात मीटर, वेग जवळजवळ नाहीच.

गुरुवारी सकाळी त्यांनी मुखवट्याएवढा पितळी कटोरा घेतला, पालथा करून ओल्या फडक्यात मुखवट्यासारखा बांधला आणि दोरी लावून घाटाखालच्या पाण्यात सोडला. तो बुडालाच नाही. पालथ्या कटोऱ्याखाली हवा कोंडून राहिली, ओल्या कापडानं ती धरून ठेवली. बोचकं एका अंगाला कलत, बुडबुडे सोडत पावणेदोन मिनिटं तरंगलं आणि मग हळूहळू खाली गेलं. त्यांनी दोरीनं ओढून पुन्हा सोडलं. दहा वेळा केलं. दहापैकी सात वेळा ते मिनिटाच्या वर तरंगलं.

काठावरून चंद्रप्पा बघत होता. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, खांद्यावर दुकानाच्या किल्ल्या.

“बाई, भांडी कामून बुडवायलाव? सरकारनं नवीन काम काढलं काय?”

“अप्पा, त्या दिवशी तुम्ही जवळ होतात. बोचकं कसं गेलं?”

“डुबुक करून गेलं. मी हात घालूस्तवर दिसंना झालं. हे तुमच्यासारखं लाडंलाडं न्हाई.”

तेवढ्यात मुंजाजी घाटाच्या पायऱ्या उतरून आला. चंद्रप्पा त्याच्या डाव्या हाताला होता. त्यानं हाक मारली, “मुंजाजी.” मग पुन्हा मारली. तिसऱ्यांदा चिडून, “आरं ए देवमाश्या!” मुंजाजी पाण्यापाशी जाऊन तोंड धुऊ लागला.

“बगा,” चंद्रप्पा म्हणाला. “कवाधरनं असाच करायलाय. आमी काय त्याचं खाल्लं?”

 सुमनबाईंनी कटोरा पुसला आणि थेट किशनरावांच्या घरी गेल्या.

किशनराव बाजेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मान एका बाजूला धरून बोलत होते.

“मानेला काय झालं?”

“देवीची कृपा,” ते अभिमानानं म्हणाले. “बारा सालं झाली, मी तिला डोक्यावर नेतो. औंदा उचलली आन मान अवघडली. घाटावर पोचूस्तवर घाम फुटला. तवाच मी सगळ्यायला म्हणलो, आई औंदा जड झालीया, कायतरी तिच्या मनात हाय. इचारा कुणालाबी. तिला माहेरी जायचंच नव्हतं.”

“किती जड? दुप्पट?”

“तिप्पट म्हणा.”

“आणि शिमग्यात मुंजाजी तुमच्या विहिरीवर ओकला, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“पिऊन आला होता, आनखी काय वाटणार? बाई, तुमी त्याची बाजू घ्यायलाव, मला कळतंय कामून. पण इज्जत गावाची हाय.”

सुमनबाई परत निघाल्या तेव्हा ऊन तापलं होतं. चांदीला एका वर्षात वजन चढत नाही. बोचक्यात देवीबरोबर आणखी काहीतरी होतं, देवीला सरळ तळाशी नेईल असं काहीतरी. आणि ते देऊळ सोडण्याआधीच आत गेलं होतं.

४

देऊळ लहान, दगडी. गाभाऱ्यात मुखवट्याची जागा रिकामी होती. तिच्या मागचा शेंदरी तांदळा, म्हणजे देवीची नाकडोळे नसलेली मूळ शिळा, तेवढी उघडी पडली होती. तिला मधोमध मेणानं एक मोत्यांची नथ चिकटवलेली.

लिंबाजी गुरव खांबाला टेकून बसला होता. दोन दिवसांत तो वाळून गेल्यासारखा दिसत होता. बायको दगडाबाई बाजूला फुलवाती वळत होती.

“काका, बोचकं कुणी बांधलं?”

“मीच. दरसाल मीच बांधतो. त्या येळी गाभाऱ्यात दुसऱ्यानं यायचं नसतंय.”

“कधी बांधलं?”

“सोमवारी सांजच्याला. राती मी हितंच उंबऱ्याला आडवा झोपलो होतो. आत कुणी आलेलं न्हाई.” म्हाताऱ्यानं जरा थांबून हेही सांगितलं, “खोटं कशाला बोलू.”

“आणि अप्पांनी ओटी?”

“वरून ठिवली खणावर. गाठ सोडलीच न्हाई.”

हे म्हातारा स्वतःविरुद्ध सांगत होता, आणि त्याला ते कळत असावं. सुमनबाईंची नजर पुन्हा नथीवर गेली.

“ही नथ?”

“देवीचीच. राहिली हितं.” लिंबाजीनं मान दुसरीकडे केली. “तांदळ्याला लावली. मोकळं बगवत न्हाई.”

“बाकीचे दागिने?”

“गेले संगं. डोरलं, पुतळ्याची माळ, समदे.”

दगडाबाईची बोटं फुलवातीवर थांबली. सुमनबाई देवळाच्या पायऱ्या उतरल्या, चपला घातल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. माहेरी निघालेल्या देवीच्या गळ्यात सगळं घातलं, फक्त नाकात नथ घातली नाही. विसरण्यासारखी गोष्ट होती का ती? ह्या गावात म्हातारी बाईसुद्धा बाजाराला जाताना आधी नथ चाचपते. आणि लिंबाजीनं चाळीस वर्षं हे काम केलेलं.

नथ विसरली नव्हती. ती घालता आली नव्हती.

त्या पुन्हा वर चढल्या. त्या परत येणार हे ठाऊक असल्यासारखा लिंबाजी वाट बघत होता.

“दगडाबाई,” सुमनबाई हळू म्हणाल्या, “तुमच्या घरचा वरवंटा कुठं आहे?”

५

दगडाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा जमिनीकडे बघत होता.

“दगड फुटत नाही, आणि चोरही नेत नाहीत,” सुमनबाई म्हणाल्या. “सोमवारपासून तुम्ही मनकर्णेचा वापरताय. सोमवारी संध्याकाळी काकांनी देवी बांधली. मंगळवारी ती तिप्पट जड झाली आणि दगडासारखी खाली गेली. किशनरावांनी वजन घातलं असतं तर देवी जड झाली म्हणून त्यांनी गावभर सांगितलं नसतं. अप्पांनी गाठ सोडली नाही, हे तुम्हीच म्हणालात. गाभाऱ्यात दुसरं कुणी आलं नाही, हेही तुम्हीच.”

दगडाबाईनं फुलवाती बाजूला सारल्या.

“आणखी एक. मंगळवारी वाळूवर सगळे मुंजाजीच्या मिळेल त्या बाजूनं ओरडत होते. तुम्ही एकटे वळसा घालून उजव्या कानाशी बसलात. तेल तुम्ही दिलंत.”

“दिलं,” म्हातारा म्हणाला. “त्याचं बरं व्हावं म्हणून दिलं, बाई. ते खोटं न्हाई.”

मग त्यानं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, थांबून थांबून. दर मंगळवारी चिंच आणि राख लावून मुखवटा घासायचा. आधी बापानं घासला, मग त्यानं. देवी लखलखली पाहिजे, तिच्या तोंडावर काळा डाग नको, यातच गुरवाची अब्रू. सत्तर-ऐंशी वर्षं दोघा बापलेकांनी मिळून देवीला घासलं. नाक उंच, म्हणून अंगठा पहिल्यांदा नाकावर. पाडव्याला तो घासत होता आणि अंगठा नाकातून आरपार गेला. चांदी कांद्याच्या सालीएवढी उरली होती.

“खंडित देव पूजेत ठिवत न्हाईत. खोल पाण्यात सोडत्यात, हे कुणालाबी इचारा. मी गलत काय केलं न्हाई असं मला वाटलं. पण गावाला सांगायचं कसं? देवीचं नाक गुरवानं तोडलं म्हणले असते. लेकरायनं पिढ्यानपिढ्या तेच ऐकलं असतं.”

“म्हणून काहिलीतून सोडली.”

“वाजतगाजत. खणात. ओटी भरून. चोरावाणी फेकली न्हाई.” त्याचे डोळे भरले. “तिला रस्त्यावरला धोंडा कसा बांधू? पायाखालचा, कुणीबी थुकलेला? घरातला वरवंटा घेतला. बारशाला त्याला कुंची घालत्यात, पाळण्याखालून फिरवत्यात. माजी चारी लेकरं त्याच्याबरोबर पाळण्यात निजली. देवीच्या जोडीला बसायला तेवढाच एक दगड लायक होता.”

दगडाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, “मला म्हणले, कुणाला देऊन टाकला म्हण. मी कुणाला वरवंटा देईन?”

सुमनबाईंना राग आला होता आणि तो त्यांनी आवरला. “देवीसाठी एवढा विचार केलात, काका. मुंजाजीसाठी?”

“मला वाटलं तो उतरणारच न्हाई. कान तसा असताना कोण उतरंल?” म्हाताऱ्याचा आवाज फाटला. “तो उतरला. एकदा न्हाई, तीनदा. दर बुडीला मी काहिलीत बसून म्हणायलो, आई, ह्याला वर काड. तवाच सांगाया पायजे होतं. जीभ उचलली न्हाई.”

“आज गुरुवार. बैठक रविवारी आहे. मी कुणाला काही सांगणार नाही. सांगायचं तुम्ही.”

“आन न्हाई सांगितलं तर?”

“तर मला सांगावं लागेल. पण मग मुंजाजीला कळेल की तुम्ही त्याला चोर होऊ दिलंत. तुमच्या तोंडून आलं तर त्याला एवढंच कळेल की तुम्ही घाबरलात. त्याला घाबरणं म्हणजे काय ते आता समजतं.”

 शुक्रवार गेला. शनिवारी कळलं की गुरव पहाटेच्या गाडीनं गंगाखेडला गेला, आणि रात्रीपर्यंत परतला नाही.

६

रविवारी दहाला देवळासमोर गाव जमलं. सावरगावचीही माणसं आली होती. मुंजाजी एका कडेला उभा, मनकर्णा त्याच्या मागे. किशनरावांनी घसा साफ केला.

“गुरव कुठाय?”

“पळाला,” कुणीतरी म्हणालं.

सुमनबाई पुढं निघाल्या. चार पावलं गेल्या असतील, तोच रस्त्यानं लिंबाजी येताना दिसला. अंगावर धुतलेलं धोतर, डोक्याचं मुंडण केलेलं. गंगाखेडला घाटावर जाऊन त्यानं प्रायश्चित्त घेतलं होतं. तो माणसांमधून चालत मुंजाजीपर्यंत गेला आणि वळसा घालून उजव्या बाजूला उभा राहिला.

“आदी तुला सांगतो,” तो म्हणाला, “मग गावाला.”

त्यानं सगळं सांगितलं. वरवंट्याचं ऐकून मागं बसलेल्या बायकांत कुजबुज झाली. किशनरावांचा हात आपोआप मानेकडे गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा देवी आपल्या डोक्यावर जड झाली, हे त्यांनी तालुक्यापर्यंत सांगून ठेवलं होतं.

चंद्रप्पानं ते बरोबर हेरलं. “किशनराव, तुमी वरवंटा वाजतगाजत आणला म्हणायचा.”

हसू फुटलं आणि बैठकीतला ताण गेला. किशनराव चिडले, मग तेही ओठ दाबून बसले. शेवटी म्हणाले, “गुरवाचं काय करायचं, ते भोई सांगंल. इज्जत त्याची गेली होती.”

सगळे मुंजाजीकडे वळले. त्याला सवय नव्हती. त्यानं लिंबाजीच्या गुळगुळीत डोक्याकडे बघितलं.

“काका,” तो म्हणाला, “मला वाटलं मी संपलो. पाच दिवस मी अंथरुणात बसून तोच इचार करायलो. तुमी सांगितलं असतं तर पाच दिवस वाचले असते.”

“व्हय.”

“मुकवटा नवा करा. पर घासायचा न्हाई. काळा पडला तर पडू द्या. आन फुडल्या चैताला काहिलीत तुमीच बसायचं. दुसरा कुणी बसला तर मी ढकलायचा न्हाई.” मग तो सुमनबाईंकडे वळला. “बाई, एसटी किती वाजता हाय?”

परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं कानात दिवा धरून बघितलं आणि सुमनबाईंचं बोलणं खरं ठरलं. पडद्याला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं. तेल बंद, पाणी बंद, आंघोळीलाही कापूस. भोक आपोआप भरतं, पण कानात काही घालाल तर भरणार नाही. पावसाळाभर मुंजाजी काठावर उभा राहिला. सुमनबाईंची काहील त्याचा चुलतभाऊ ढकलायचा आणि मुंजाजी वरून ओरडून त्याला शिव्या द्यायचा. भादव्यात पूर उतरला. दिवाळीनंतर डॉक्टरनं पुन्हा दिवा धरला आणि म्हणाला, झालं.

कार्तिक संपता संपता, एका दुपारी, नदी निवळली होती. घाटावर तिघंच होती. सुमनबाई, मनकर्णा आणि लिंबाजी. म्हातारा बोलावल्याशिवाय आला होता आणि लांब उभा होता.

मुंजाजी कमरेएवढ्या पाण्यात थांबला. सुमनबाईंना वाटलं, तो परत फिरणार. मनकर्णा पुटपुटत होती. मग त्यानं डोकं खाली केलं आणि पाणी मिटलं.

सुमनबाईंनी घड्याळ धरलं. वीस. तीस. चाळीस झाले तेव्हा मनकर्णेनं त्यांचा हात पकडला. पन्नास. डोहाच्या मध्यावर, जिथं काहील डोलली होती तिथं, चार बुडबुडे आले. साठ. सत्तर. मग डोकं वर आलं, बरोबर त्याच जागी, तोंड आभाळाकडे. त्यानं एक दीर्घ श्वास घेतला आणि तिथूनच हाक मारली.

“काका! हाय तिथंच. गाळात नीट बसलीया, हाताला तोंड लागलं. नाकाचं काय कळत न्हाई तिथं.”

लिंबाजीनं लांबूनच डोहाकडे हात जोडले.

“वर आणू नका,” सुमनबाई म्हणाल्या.

“न्हाई आणत. तिला सोडलेली हाय.” मुंजाजी पाण्यावर उताणा झाला आणि हात पसरून तरंगत राहिला.

“वर-खाली कळलं का?” मनकर्णेनं विचारलं. 

“कळलं. डोळं मिटून कळलं.” तो कुशीवर वळला. “आनखी एकदा जाऊन येतो.”

“आता कशाला? गावली न्हवं देवी?”

“कशाला न्हाई,” मुंजाजी म्हणाला. “असंच.”

आणि तो पुन्हा खाली गेला.